उतरल्याचा रकाना

“लिपस्टिक लाव,” नसीम आपा म्हणाल्या. “ओठ पांढरेफटक दिसताहेत तुझे.”

आम्ही नागपूरला विधानभवनाच्या गेटबाहेर पासाच्या रांगेत उभ्या होतो. डिसेंबरातली सकाळ, हिवाळी अधिवेशनाचा दुसरा आठवडा. पुढे शिक्षकांचं एक शिष्टमंडळ, मागे कुठल्याशा पाणीपुरवठ्याचे लोक, आणि मधे आम्ही पाच बायका, लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. सगळा आपांचा हुकूम. कुणीही विटकं नेसून यायचं नाही, कुणीही रडायचं नाही.

“आपा, आपण आजारी बायका आहोत. लिपस्टिक लावून गेलो तर विश्वास कोण ठेवेल?”

“आजारी आहोत ते अर्जात लिहिलंय की. तोंडावर कशाला लिहायचं?”

लावली बाई. आपांशी वाद घालून जिंकलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

नसीम आपा म्हणजे उर्दू शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी प्रमिला ढोमणे, एसटीची कंडक्टर. एकोणीस वर्षं गाडीवर काढली आणि मग आगारातल्या चौकशीच्या खिडकीत बसले, कारण माझा स्तनाचा कॅन्सर हाडांत गेला होता. आपांचा यकृतात. एकदा असा दुसरीकडे पसरला की तो पुरता जात नाही, डॉक्टर हे पहिल्याच दिवशी सांगून टाकतात. पण गोळ्या चालू राहिल्या तर तो गप्प बसू शकतो. कुणाचा वर्षभर, कुणाचा दहा वर्षं. आमचा बसला होता गप्प. तेव्हा त्या दिवशी आमचं भांडण आजाराशी नव्हतंच, फॉर्मवरच्या एका चौकोनाशी होतं.

गोळ्या महागड्या, पण सरकारी योजनेतून फुकट मिळायच्या. योजनेच्या फॉर्मवर शेवटी एक चौकोन होता: ‘उपचार पूर्ण होण्याची तारीख’. ती भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकायचा नाही, आणि दोन वर्षांपलीकडची तारीख तो घ्यायचा नाही. दोन वर्षं झाली की गोळ्या बंद, मग कर्ज काढा नाहीतर ट्रस्टचे उंबरठे झिजवा. अख्खी नोकरी मी लोकांना ‘कुठं उतरणार?’ असं विचारण्यात घालवली, पण तोच प्रश्न मला विचारल्यावर असा संताप आला म्हणून सांगू. माझ्या चौकोनात एकतीस डिसेंबर लिहिलेलं होतं. आणि त्या दिवशी तारीख होती वीस.

मग आपांनी विधिमंडळाकडे विनंती अर्ज लिहिला. असा करता येतो हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? आमच्या भागातल्या आमदारांनी तो सभागृहात मांडला आणि समितीने आम्हाला बोलावलं. मागण्या दोनच. एक, तारखेची अट काढा, डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या द्या. दुसरी, आम्हाला मोजा. कारण आजार पहिल्यांदा सापडतो तेव्हा सरकारदरबारी नोंद होते, नंतर तो पसरला तर कुणी विचारत नाही. नोंदच नाही तर अभ्यास कोण करणार आणि त्याला निधी कोण देणार?

मोजायचं काम तोवर मी सुरूही केलं होतं. कंडक्टरची खोड, दुसरं काय. गाडीत किती डोकी आहेत हे कळल्याशिवाय माझा जीव स्वस्थ बसत नाही. दर मंगळवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी एका शंभरपानी वहीत लिहीत होते: नाव, गाव, फोन, कधी पसरला, गोळी कोणती. पावणेदोन वर्षांत त्रेसष्ट बायका झाल्या. समितीला दाखवायला आमच्याकडे तेवढा एकच पुरावा होता, आणि तो माझ्या पिशवीत होता.

“वहीचं काय केलंस?” आपांनी रांगेतच विचारलं.

“आहे की.”

“ते नाही विचारलं. त्या तीन नावांचं काय केलंस?”

मी पुढच्या शिक्षकाच्या पाठीकडे बघत राहिले.

त्रेसष्टपैकी तिघी गेल्या होत्या. मला माहीत होतं, तिन्ही घरी मी फोन करून बोलले होते. पण नावांवर रेघ काही मारली नव्हती. पहिली गेली तेव्हापासून आपा चार महिने मागे लागल्या होत्या. म्हणायच्या, “प्रमिला, तुझ्या वहीत चढल्याची नोंद आहे, उतरल्याचा रकानाच नाही. उद्या कुणी विचारलं तर तोंडघशी पडशील.” मी दर वेळी उद्या करते म्हणायची. कितीतरी प्रवासी मी बेल मारून उतरवून दिले, एकदाही मागे वळून पाहिलं नाही. इथं पेन उघडलं की टोपण परत लावून ठेवायची.

पास दोघींनाच मिळाले. बाकीच्या तिघींना मी म्हटलं, “थंडीत उभ्या राहू नका, समोर पोहे खा.” त्यांना तेवढंच हवं होतं. वळून बघते तर तर्री-पोह्यांच्या गाड्यापाशी पोचल्यासुद्धा.

समितीची खोली लांबट होती. टेबलाच्या टोकाला अध्यक्षा नलिनीताई टेकाम. चार वेळा निवडून आलेल्या, जंगलपट्ट्यातल्या आमदार, केस पिकलेले, आवाज खणखणीत. दोन्ही बाजूंना चार-पाच आमदार, कोपऱ्यात लिहून घेणाऱ्या बाई, आणि आमच्यासमोर आरोग्य खात्याचे कुलथे साहेब, फायलींच्या चळतीमागे.

ताईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी जांभळी पैठणी, आपांचा मोतिया रंगाचा ड्रेस, अत्तर.

“बसा,” त्या म्हणाल्या. “पेशंट कुठं आहेत?”

“आम्हीच,” आपा म्हणाल्या.

“तुम्ही संस्थेच्या ना? मी पेशंटचं विचारते आहे.”

“ताई, आम्हीच पेशंट. माझं यकृत, हिची हाडं. बाकी तीन पेशंट बाहेर पोहे खाताहेत, बोलावू का?”

एक आमदार खुदकन हसले. कुलथे साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मुद्द्यालाच हात घातला.

“अध्यक्ष महोदया, अर्जदारांबद्दल सहानुभूती आहे. परंतु या टप्प्यावरचे रुग्ण सरासरी दोन वर्षं, फार तर तीन. दोन वर्षांची मर्यादा त्यावरूनच ठरली आहे. त्यापुढे औषध लागणारे रुग्ण नगण्य आहेत.”

“नगण्य म्हणजे किती?” ताईंनी विचारलं.

“तशी स्वतंत्र आकडेवारी उपलब्ध नाही.”

“मग नगण्य कशावरून?”

कुलथे साहेबांनी फाईल उघडली आणि परत मिटली. आपांनी टेबलाखालून मला कोपर मारलं. मी वही काढून ताईंपुढे ठेवली.

“माझ्याकडे आहे आकडेवारी. एका दवाखान्याच्या एका व्हरांड्यातली. त्रेसष्ट बायका. त्यातल्या चव्वेचाळीस जणींना दोन वर्षं केव्हाच उलटून गेलीत.”

“ही कुणी तपासली आहे?” कुलथे साहेबांनी विचारलं.

“मी तपासली आहे.”

“आपलं शिक्षण?”

“बारावी. कंडक्टरचा बॅज. एकोणीस वर्षांत चेकिंगमध्ये एकदाही सापडले नाही.”

“महोदया, हा शास्त्रीय पुरावा होत नाही. कुणीही घरी बसून नावं लिहील.”

ताई वही चाळत होत्या. एकदम म्हणाल्या, “त्यात काय एवढं? फोन नंबर आहेत की. लावून बघू.” आणि त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला. “मी बोट ठेवीन तिथं.”

त्रेसष्टांत तीन. आपांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

पहिलं बोट पडलं इंदू पखालेवर. ताईंनी स्पीकर चालू केला.

“हां, कोण?”

“मी विधानभवनातून बोलते. समितीची अध्यक्ष.”

“कोणती समिती? बाई, वांगी तोडणं चालू आहे, दोन वाजता गाडी येते माझी. नंतर करा न.”

“फक्त तब्येत विचारायची होती.”

“तब्येतीला काय धाड भरली? गोळी खातो, काम करतो. साडेचार वर्षं झाली. वांगी पाह्यजेत का तुम्हाले? काहून फोन केला मग?”

फोन बंद. खोलीत हशा पिकला. लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “ताई, वांगी घेऊ का लिहून?”

“घ्या. सगळं घ्या.”

दुसरं बोट पडलं मीरा सोनटक्केवर. तिच्या फोनमधून आधी बँडच ऐकू आला. भाच्याचं लग्न होतं, मंगलाष्टकं सुरू व्हायची होती आणि अंतरपाट सापडत नव्हता. “मी नवरदेवाची मामी आहे,” ती ओरडून सांगत होती, “माझ्याशिवाय इथं एक काम होत नाही. पसरल्याला किती वर्षं? थांबा, थोरली दहावीत होती. आता तिला मूल झालं. तुम्हीच करा हिशेब.” ताई हसता हसता डोळे पुसत होत्या. मीही हसले. मनात म्हटलं, सुटले. आता वही मिटतील.

“शेवटचा एक,” ताई म्हणाल्या, आणि बोट ठेवलं. “सुमन लाखे.”

ती त्या तिघींतली एक होती.

बोलायला हवं होतं. ताईंनी नंबर लावला, रिंग वाजायला लागली, आणि मग मी एकदम म्हणाले, “ताई, नका लावू. सुमन नाही आता. दिवाळीनंतर गेली.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मग नाव कसं वहीत?” ताईंनी विचारलं.

“खोडलं नाही मी. अजून दोघी आहेत तशा. तिघींची नावं मला माहीत असून ठेवली.”

“हेच मी म्हणत होतो,” कुलथे साहेब म्हणाले. आवाज शांत होता. “भावना समजू शकतो, पण मेलेली माणसं धरून केलेली मोजणी आपण कशी मानायची?”

त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या एका हट्टापायी बाकी सगळ्या बायकांचं काम बुडालं असं वाटलं. आणि हट्ट तरी कसला? मला भीती वाटत होती. मी सुमनवर रेघ मारली तर माझ्यावरही कुणीतरी मारेल, एवढीच साधी भीती. पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते आहे.

तेवढ्यात पलीकडे फोन उचलला गेला. मोठी घरघर ऐकू आली आणि पुरुषाचा आवाज. “थांबा, गिरणी बंद करतो.” घरघर हळूहळू उतरत थांबली. “हां, बोला.”

ताई म्हणाल्या, “मी नलिनी टेकाम, विधानभवनातून. सुमनताईंच्या घरचे का?”

“हो. मी तिचा मालक. तिनं सांगून ठेवलं होतं, कमिटीचा फोन आला तर गिरणी बंद करून बोला म्हणून. एरवी मी चालू गिरणीतच बोलतो, लोकांना काही कळत नाही.”

“त्यांना आजार पसरून किती वर्षं झाली होती?”

“सात वर्षं अन् चार महिने.”

कुलथे साहेबांनी मान वर केली.

“दोन वर्षं सरकारनं दिल्या गोळ्या,” सुमनचा नवरा सांगत होता, “मग बंद झाल्या. पाच महिने तशीच होती, काहीच नाही. कंबर धरली तिची. मग एका धर्मादाय ट्रस्टनं देणं सुरू केलं, तर पुन्हा उठून उभी राहिली. त्या गोळ्या मिळाल्या नसत्या तर पुढची पाच वर्षं कुठली?”

“त्या वर्षांत काय करायच्या त्या?”

“काय करायची म्हणजे? गिरणी तीच चालवायची. मी नुसते डबे उचलून द्यायचो. आता मला धड दळता येत नाही. बाया बोलतात, सुमनबाईचं पीठ कसं मऊ होतं, तुमची नुसती भरड येते. शिकतो आहे हळूहळू.”

त्यानं घसा साफ केला.

“ताई, ते काम झालं का पण? तिचा जीव त्याच्यात अडकला होता. अर्जावर सही करायला ती तापात उठून बसली होती.”

ताईंनी आमच्याकडे पाहिलं नाही, कुलथे साहेबांकडे पाहिलं. अगदी सावकाश पाहिलं. मग फोन जवळ घेतला.

“झालं, दादा.”

“झालं? बरं झालं. बरं, ठेवतो मग. दळण खोळंबलं आहे.”

फोन बंद झाला. कुलथे साहेब म्हणाले, “महोदया, समिती शिफारस करू शकते. निर्णय तर शासनाचा...”

“मला माहीत आहे समिती काय करू शकते,” ताई म्हणाल्या. “पण मी त्या माणसाला झालं म्हणून सांगितलं, तुमच्यासमोर सांगितलं. आता ते खरं करायची जबाबदारी तुमची आणि माझी. बाई, हे घेतलं का लिहून?”

“घेतलं, ताई.”

“आणखी लिहा. अट जाईपर्यंत या यादीतल्या कुणाच्याही गोळ्या थांबवायच्या नाहीत. आणि ही मोजणी खात्यानं स्वतः सुरू करायची. त्याच्या अभ्यासाला निधी लागेल तोही शिफारशीत घाला.” मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. “आणि तुम्ही. नावं खोडू नका. पण तारीख लिहा. ही बाई सात वर्षं चार महिने जगली, हे तुमच्या वहीतलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि तुम्ही तेच लपवून ठेवलं.”

मी तिथंच बसून पट्टीनं रेघ आखली. सहावा रकाना. कुलथे साहेबांनी आपलं पेन पुढे केलं, कारण माझं चालेना. मी सुमनची तारीख लिहिली, मग दुसरीची, मग तिसरीची. लिहून झाल्यावर कुलथे साहेब म्हणाले, “याची झेरॉक्स मिळेल का? दोन प्रती द्या.” आणि मग, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, “माझ्या मोठ्या बहिणीला चार वर्षं झालीत. मला वाटायचं ती एकटीच आहे.”

बाहेर आलो तर आमच्या तिघी दुसरी प्लेट खात होत्या. आपांनी ऐटीत जाहीर केलं, “झालं.” एकीनं पोह्यांसकट मला मिठी मारली, पैठणीवर तर्रीचा डाग पडला. तो अजून आहे, निघाला नाही आणि मी काढायचा प्रयत्नही केला नाही. पोहेवाल्यानं विचारलं, “काय झालं, निवडून आलात का?” आपा म्हणाल्या, “हो, पाचही जणी.” त्यानं सगळ्यांना वरून शेव घातली.

तीन महिन्यांनी आदेश निघाला. तोवर दर आठवड्याला नलिनीताई कुलथे साहेबांना फोन करत होत्या, आणि कुलथे साहेब त्यांच्या वरच्यांना. मोजणी सुरू झाली, एका तरुण डॉक्टरीणबाईंना अभ्यासासाठी निधीही मिळाला. पहिल्याच दिवशी त्या माझी वही मागायला आल्या. आपा पुढे चार वर्षं होत्या, त्या चारही वर्षं माझ्या मराठीतल्या चुका काढत होत्या. त्यांची तारीख मी लिहिली. सहाव्या रकान्यात, शुद्ध अक्षरात, कारण वाकडं लिहिलं असतं तर त्यांना खपलं नसतं.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो विधानभवनातला दिवस नाही. आठवतो तो एप्रिल, नवा फॉर्म आल्यानंतरचा पहिला महिना. योजनेच्या खिडकीत नेहमीचा मख्ख माणूस बसला होता. त्यानं कॉम्प्युटरवर माझं नाव काढलं आणि तारीख न विचारता गोळ्यांचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. मी तिथंच उभी.

“आणखी काय?” तो वैतागून म्हणाला.

“काही नाही. मग मी आता काय करू?”

“करायचं काय? पुढच्या महिन्यात या.”

सरकारी खिडकीवरचं हे वाक्य ऐकून आयुष्यात किती वेळा तळपायाची आग मस्तकात गेली असेल, आणि मी स्वतः खिडकीत बसून ते किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, “पुन्हा एकदा म्हणा.” त्याला वाटलं बाईला कमी ऐकू येतं. त्यानं काचेला तोंड लावून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, “बाई, पुढच्या महिन्यात या.”